शांतिसेना परतल्यानंतर

पुणे छावणीत ज्या दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे तिचेच तेव्हाचे प्रमुख दीपिंदर सिंग यांच्याकडे, २९ जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारान्वये श्रीलंकेत उतरलेल्या भारतीय शांतिसेनेची सूत्रे होती. महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन यांच्यासह सुमारे बाराशे जवानांनी जेथे प्राण वेचले, ती भूमी सैन्याने मार्च १९९० मध्ये सोडली. आणि परकी फौज घालवण्याचा समान हेतू संपताच, श्रीलंकेच्या ज्या प्रेमदासा सरकारने आमच्या जवानांविरुद्ध तमिळ वाघ या बंडखोरांना हत्यारे पुरवली होती, त्याच सरकारच्या पोलीस ठाण्यांवर हे वाघ जूनमध्ये तुटून पडले. पूर्वेकडे शरण आलेले शेकडो शिपाई ठार झाले. हत्यारे देणाऱ्यांचा तो अविचार मला अक्षम्य वाटतो. १९९३ मध्ये खुद्द प्रेमदासा आत्मघाती स्फोटात मारले गेले. सरकार आणि वाघांमधील युद्ध मात्र मे २००९ पर्यंत चालले.