गच्चीवरचं विमान, दिल्लीतली फाईल

घरी विमान बांधायला फारसं कोणी अडवत नाही. खरी अडचण ते उडवताना येते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची नोंदणी मात्र २०१७ मध्ये मिळाली. नोंदणी म्हणजे नुसती नंबरप्लेट: व्हीटी-एनएमडी. आकाशात जायला वेगळा परवाना लागतो. तो आला २०१९ मध्ये. चाचणी उड्डाण २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झालं, कारण गच्चीवर विमान बांधता येतं, पण धावपट्टी काही तिथे मावत नाही! शिवाय अशा हौशी विमानातून भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.