आधी मूठ पाहा

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर रस्ता दुभंगतो. एक घाट चढून पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्यावरून गोव्याकडे. जुन्या शस्त्रांचा नाद असलेल्याला ही जागा सोयीची, कारण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दोन्ही एका दिवसात पाहून परतता येते. तिथल्या काचांसमोर उभे राहून मी एवढे शिकलो की कट्यार मुठीवरून ओळखायची.

तलवारीची मूठ पात्याच्याच रेषेत असते, कट्यारीची आडवी. शिडीचा लहानसा तुकडा डोळ्यांसमोर आणा. आडवे दांडे मुठीत आवळायचे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मनगटालगत मागे येतात आणि पाते बोटांच्या पेरांपुढे निघते. मग वार ठोशासारखा बसतो. हाताचे सगळे बळ सरळ टोकात उतरते. म्हणूनच पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, कारण चिलखताच्या कड्यांवर नाजूक टोक मोडले असते.

बिचव्याची तऱ्हा वेगळी. त्याची मूठ म्हणजे बोटे आत सरकवायचे लोखंडी कडे आणि पाते विंचवाच्या नांगीसारखे वळलेले.

फिलिपाइन्समधल्या मिंडानाओ बेटावरच्या मंडाया लोकांचा खंजीरही असाच मुठीने ओळखला जातो. तिथे ती चंद्रकोरीसारखी असते. इतक्या दूरच्या लोहारानेही आधी हाताचा विचार केला, याचे मला फार अप्रूप वाटते.

संग्रहासाठी वस्तू समोर आली की दांडे आणि पट्ट्या जुळतात ती जागा भिंगातून पाहा. वेल्डिंगचा वळ दिसला तर काम नवे आहे किंवा डागडुजी झाली आहे. मूठ दाबताच पाते कात्रीसारखे उघडणारी कट्यार भुरळ घालते, पण अशा कट्यारी बहुधा उशिराच्या आणि दिखाऊ असतात.

गंज दिसला की लोक पॉलिश पेपर घेतात. तेवढे करू नका! पोलादावरचे जौहर, म्हणजे पाण्यासारख्या लहरी, आणि मुठीवरची कोफ्तगिरी, म्हणजे सोन्याचे नक्षीकाम, त्यात कायमची जाते. मऊ फडके, थोडे मशीनचे तेल, बस. पनवेलच्या दमट हवेत पाते म्यानाबाहेर ठेवावे, कारण म्यान ओल धरून ठेवते.

कायदाही माहीत हवा. शंभर वर्षांहून जुनी कट्यार १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यासाठी शस्त्र कायद्याचे नियमही पाहून घ्यावेत.

कोणाच्या वाड्यातून वस्तू मिळालीच, तर गाव, घराणे आणि तिच्याबद्दल घरात सांगतात ती हकिकत त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढच्या मालकाला ती दुसरीकडे कुठे मिळणार नाही.