अणुकरारावर विश्वास ठेवावा काय?

‘कागदावर सही केली म्हणून का कुणी बाँबचा नाद सोडतो?’ हा प्रश्न आपणही कधी विचारला असेल. शंका रास्त आहे. पण उत्तर कोरियाचे उदाहरण पाहा.

१९९४ साली जिनीव्हात अमेरिकेशी त्याचा करार झाला. योंगब्योनची अणुभट्टी बंद ठेवायची. मोबदल्यात दरसाल ५ लाख टन तेल आणि विजेसाठी दोन नव्या अणुभट्ट्या मिळायच्या. पुष्कळांनी नाके मुरडली. तरीपण ८ वर्षे ती भट्टी थंड राहिली. ज्यांतून बाँबचे प्लुटोनियम निघते अशा सुमारे ८,००० इंधनकांड्या मोहोरबंद राहिल्या; आंतरराष्ट्रीय निरीक्षक जागेवर होते.

नव्या भट्ट्या मात्र पुऱ्या झाल्याच नाहीत. २००२ मध्ये ‘कोरिया चोरून युरेनियम समृद्ध करतो’ असा आरोप अमेरिकेने केला. तेल थांबले, मोहोरा फुटल्या, निरीक्षकांना घालवून दिले. २००६ मध्ये पहिला चाचणीस्फोट झाला.

सांगायचे ते एवढेच, की करार म्हणजे विश्वास नव्हे, पहारा आहे. पहारा होता तिथे काम थांबले. नव्हता तिथे शंकेला जागा उरली. म्हणून नवा करार कानी आला, की ‘विश्वास ठेवू का?’ असे विचारू नका. पहारा कुठे, कुणाचा, आणि कबूल केलेले देणे कोण चुकते करणार, हे विचारा.