शेंदुरसनीचं लॉगिन

पासवर्डवरचा मागचा लेख वाचून घाटंजीच्या एका वाचकाने विचारलं आहे, "पासवर्डला एवढं महत्त्व, मग शेंदुरसनीत काय झालं? तिथला कॉम्प्युटर हॅक झाला होता का?" जिल्ह्यातल्या या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणं बरं नव्हे.

शेंदुरसनी हे यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातलं, दोन हजारही वस्ती नसलेलं गाव. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सीआरएस पोर्टलवर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत या एका ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्या. राज्याचा जन्मदर हजारी १५च्या आसपास आहे. त्या हिशेबाने गावात वर्षाकाठी तीस पाळणे हलले तरी खूप. इथे दिवसाला सरासरी तीनशे नोंदी पडत होत्या. म्हणजे कुणी आठ तास मान वर न करता टाइप करत बसलं, तरी दर दीड मिनिटाला एक जन्म!

आणि जन्मदाखला हा आता किरकोळ कागद राहिलेला नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो.

आता हॅकिंगचं. गोदामात चोर दोन रस्त्यांनी शिरतो. भिंत फोडून, नाहीतर खरी किल्ली लावून.

भिंत फोडल्याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ऑगस्ट २०१८मध्ये मालवेअर घुसवून बँकेच्या यंत्रणेसारखीच एक बनावट यंत्रणा उभी केली गेली. एटीएमकडून 'पैसे देऊ का?' अशी विचारणा आली, की खऱ्या बँकेऐवजी हीच 'द्या' म्हणायची. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. स्विफ्ट या परदेशी व्यवहारांच्या यंत्रणेमार्गे हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून आकडा ९४ कोटींवर गेला.

शेंदुरसनीत चर्चा झाली ती दुसऱ्या रस्त्याची. ग्रामपंचायतीचा आयडी मुंबईशी जोडलेला असल्याचं तपासणीत समोर आलं, गुन्हा दाखल झाला. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. मात्र खऱ्या आयडीने आत आलेल्या माणसाला पोर्टल कर्मचारीच समजतं, हे लक्षात घेतलं पाहिजे.

लॉगिनमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली ऑथेंटिकेशन, म्हणजे आलेला माणूस तोच आहे का याची खात्री. पासवर्ड आणि ओटीपी इथे कामाला येतात. दुसरी ऑथरायझेशन, म्हणजे आत आल्यावर त्याला काय काय करता येईल. तिसरी ऑडिट लॉग. कोणत्या आयडीने, किती वाजता, कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून काय केलं, याची आपोआप लिहिली जाणारी नोंदवही.

सगळा भर पहिलीवर दिला जातो. दुसरी आणि तिसरी मात्र वाऱ्यावर सोडली जाते. एका गावाच्या आयडीवरून एका दिवसात पन्नास नोंदी झाल्या की पुढचं काम थांबवून जिल्ह्याला इशारा पाठवणं, ही सॉफ्टवेअरमधली अवघड गोष्ट नाही. बँका हे करतात. नेहमीपेक्षा मोठी रक्कम परगावी निघाली, की खातेदाराला फोन येतो. बँकेत मेकर-चेकर पद्धतही असते. एकाने व्यवहार टाकायचा, दुसऱ्याने तपासून पास करायचा. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद नाही, असं कायदाही म्हणतोच. तोच दुसरा हात पोर्टलवरही सक्तीचा हवा.

लॉगचं मोल तर गुन्हा घडल्यावरच कळतं. पण एक लॉगिन चौघे वापरत असतील, तर लॉगमध्ये चौघांचं काम एकाच्याच नावावर चढतं. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी, साहेब दौऱ्यावर असले की ऑपरेटरचा फोन, "साहेब, ओटीपी सांगा", आणि पलीकडून बसमधून सांगितलेले सहा आकडे. हे चित्र कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहायला मिळतं. ऑपरेटर प्रामाणिकच असतो. पण पुढे काही निस्तरायची वेळ आली, तर नाव साहेबांचं निघतं आणि खरं कोण हे शोधायला लॉग निरुपयोगी ठरतो.

शेतकऱ्याचंही वेगळं नाही. कापूस विक्रीसाठी कपास किसान अ‍ॅप, फार्मर आयडी, पीक विमा, घरात लाडक्या बहिणीची ई-केवायसी. सगळीकडे ओटीपी लागतो आणि सेवा केंद्रावर तो सांगावा लागतो. तो टाळा म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने काय करावं? त्याने निदान मेसेज पूर्ण वाचून घ्यावा. ओटीपी कशासाठी आला हे बहुतेक मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. काम विम्याचं आणि ओटीपी बँकेचा, असं दिसलं तर तिथेच थांबावं. आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं, याची मागच्या सहा महिन्यांची यादी आधारच्या संकेतस्थळावर बघता येते. बोटांचे ठसे लॉक करायची सोयही तिथेच आहे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, दवाखाना, जिथे जिथे एकाच लॉगिनवर अनेकांचे हात आहेत, तिथल्या प्रत्येकाने स्वतःचा वेगळा आयडी लेखी अर्ज करून मागून घ्यावा. आणि बदली झाली, की जुना आयडी बंद केल्याची पोच घेतल्याशिवाय कार्यभार सोडू नये.