दात एका टोकाला, चरबी दुसऱ्या

जुन्या बंदुकांविषयी बोलायला मी शाळांमध्ये आणि वाचनालयांत जातो, तेव्हा १८५७ चा विषय निघाला नाही असं कधी होत नाही. तो निघाला की उत्तर आधीच तयार असतं: दारू ओली होऊ नये म्हणून इंग्रज काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावत, आणि ती चरबी शिपायांना दातांनी तोडावी लागे. विद्यार्थी हे सांगतात, त्यांचे शिक्षक सांगतात. स्पर्धा परीक्षांच्या एका मार्गदर्शकातही मी ते जसंच्या तसं छापलेलं पाहिलं आहे. या एका वाक्यात दोन मोठ्या चुका आहेत. चरबी दारूसाठी नव्हतीच. आणि काडतुसाच्या ज्या टोकाला दात लागायचे, त्या टोकाला ती लावलेली नसे.

त्यावर लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे शिपाई उगाच बिथरले?’ नाही. बंदूक कशी भरत हे नीट समजून घेतलं, तर शिपायांची हरकत आणखी रास्त ठरते. म्हणूनच या चुका मला स्वस्थ बसू देत नाहीत.

सुरुवात ठासणीच्या बंदुकीपासून करू. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या अशा बंदुका अजूनही आहेत. तोंडाकडून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी टोपी चढवायची. लहानपणी शेजारचे काका बंदूक साफ करत तेव्हा मी जवळ बसून पाहत असे. चार-पाच बार काढलेल्या नळीत त्यांनी पाणी ओतून चिंधी फिरवली की ती काळीकुट्ट होऊन निघे आणि तिला नासक्या अंड्याचा वास येई. सगळा विषय या काळ्या कीटाचा आहे.

काळी दारू म्हणजे शंभरात सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती पेटल्यावर सगळी वायू होऊन उडून जाते, असं आपण धरून चालतो. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७० च्या दशकात बंद पात्रात दारू जाळून मोजमापं घेतली, तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थ म्हणून मागे राहतो असं दिसलं. हे पोटॅशियमचे क्षार. काही धुराबरोबर बाहेर पडतात, उरलेले नळीला चिकटतात. वासही त्यातल्याच सल्फाइडचा. दमट हवेत हे कीट मऊ राहतं. कोरड्या, तापलेल्या हवेत त्याची खरपुडी होते आणि दर बाराला नळी आतून थोडी थोडी अरुंद होत जाते.

कंपनीच्या शिपायांकडे आधी जी मस्केट होती, तिला याचा फारसा जाच नव्हता. तिची नळी आतून गुळगुळीत, व्यास ०.७५ इंच, आणि गोळी ०.६९ इंचाच्या आसपास. एवढी ढिली गोळी कीट साचलेल्या नळीतही खाली जाई. तिला वंगणाची गरजच नव्हती. शिपाई कितीतरी वर्षं कागदी काडतूस दातांनी तोडत आले होते आणि त्यावरून धर्माचा प्रश्न कधी उभा राहिला नव्हता, कारण त्या काडतुसाला चरबी नव्हती.

रायफलीचं तसं नाही. तिच्या नळीला आतून आटे पाडलेले असतात, आणि गोळीने ते घट्ट पकडून स्वतःभोवती फिरत बाहेर पडायचं असतं. म्हणजे गोळी नळीला घट्ट बसली पाहिजे, आणि तरीही ती तोंडाकडून हाताने ठासून तळापर्यंत नेता आली पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. यावरचा जुना तोडगा म्हणजे वंगण लावलेली चिंधी. गोळी नळीपेक्षा किंचित लहान घ्यायची आणि सुती किंवा तागाच्या कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासायची. कापड आट्यांत दबतं, गोळीला फिरवतं आणि तोंडाबाहेर पडताच गळून जातं. कापडातलं वंगण मागच्या बाराचं कीट मऊ करतं. इंग्रज सैन्यात १८०० च्या सुमारास आलेल्या बेकर रायफलीच्या दस्त्यात अशा चिंध्या ठेवायला झाकणाची खोबणच होती.

म्हणजे वंगण गोळीभोवती लागतं आणि त्याचं काम कीट मऊ ठेवण्याचं. गोळी वेगाने जावी म्हणून ते नसतं. दारूला तर ते लागताच कामा नये, कारण तेलकट झालेली दारू नीट पेटत नाही. ‘दारू कोरडी ठेवायला चरबी’ हे म्हणणं बंदुकीच्या दृष्टीने उलटं आहे.

आता १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. फरक इंचाच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. इथे कापडाच्या चिंधीचं काम काडतुसाच्या कागदानेच करायचं होतं. काडतूस म्हणजे कागदाची बोटभर जाडीची नळी. एका टोकाला दारू आणि वर पिळलेला कागद, दुसऱ्या टोकाला गोळी. हे गोळीचं टोक तेवढं बाहेरून वितळलेल्या वंगणात बुडवलेलं असे. शिपायाने दारूकडचा पीळ दातांनी तोडायचा, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करायचं, वंगण लावलेलं टोक तोंडात बसवायचं, म्हणजे अर्थात नळीच्या तोंडात, वर उरलेला रिकामा कागद फाडून टाकायचा आणि कागदासकट गोळी गजाने खाली ठासायची. दात दारूच्या टोकाला, चरबी गोळीच्या टोकाला. हा क्रम माहीत नसला की चरबीत दात रुतवणारा शिपाई डोळ्यांपुढे येतो आणि तोच मग पुस्तकापुस्तकांतून फिरत राहतो.

मग हरकत कशाला? एकतर काडतूस उलटं करून बसवताना बोटं त्या टोकालाच लागतात. चरबी दाताला लागली नाही, हाताला लागली, एवढ्याने ज्याला तिचा स्पर्शही निषिद्ध त्या माणसाचं समाधान व्हायचं नाही. पुढचं काडतूस तीच बोटं तोंडाशी नेणार. दुसरं कारण उन्हाळ्याचं. जनावराची चरबी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास वितळू लागते. उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हात कमरेच्या पेटीत ठेवलेलं काडतूस कागदातून पाझरत पाझरत कुठवर तेलकट होईल, हे सांगायला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही. इंग्रजांनाही ही शंका होतीच. १८५३ मध्ये अशी काडतुसं हिंदुस्थानात आणली गेली ती हवेचा चरबीवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी. फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून इथे पहाऱ्यावरच्या शिपायांनी ती पेटीत बाळगली होती.

त्याच वर्षी डिसेंबरात बंगाल सैन्याचे ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लष्करी मंडळाला लेखी कळवलं होतं, की या वंगणात जातीधर्माला आक्षेपार्ह काही नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं फक्त गोऱ्या सैनिकांनाच द्यावीत. ज्यांना हे अविश्वसनीय वाटेल त्यांनी जॉन के यांचा शिपाईयुद्धाचा इतिहास पाहावा. कर्नलसाहेबांना कळलेली गोष्ट होती, आणि तीन वर्षांनी कलकत्त्याला काडतुसं बनू लागली तेव्हा ती कोणी विचारात घेतली नाही. मला संताप येतो तो इथे. शिवाय तोडगा त्यांच्याच कोठारात होता. एनफिल्डच्या आधी हिंदुस्थानात वापरल्या गेलेल्या दोन आट्यांच्या ब्रन्सविक रायफलीच्या चिंध्यांना मेण आणि तेलाचं मिश्रण लावलं जाई. त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता.

याच्या नेमका उलटा गैरसमज सुशिक्षित माणसांकडून ऐकू येतो: चरबीबिरबी काही नव्हतं, निव्वळ बाजारगप्प. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाणी प्यायला लोटा मागितला आणि नकार मिळताच चरबीची गोष्ट ऐकवली, ही हकीकत कॅप्टन राइट यांच्या त्या वेळच्या अहवालात आहे. गोष्ट तोंडोतोंडी पसरली हे खरं. पण ती खोटी होती का? सरकारने विचारणा केली तेव्हा दारूगोळा खात्याचे प्रमुख कर्नल ॲबट यांनी कळवलं, की चरबी ठेकेदाराकडून घेतलेली आहे आणि तिच्यात गाईची किंवा अन्य जनावरांची चरबी असू शकते. आक्षेपार्ह चरबी वगळण्याची वेगळी खबरदारी घेतलेलीच नव्हती. ही कागदपत्रं जॉर्ज फॉरेस्ट यांनी १८९३ मध्ये छापली आहेत. डुकराविषयी एवढंच म्हणता येतं, की कागदांत शब्द ‘टॅलो’ आहे, म्हणजे मुख्यतः गुरांची किंवा मेंढ्यांची चरबी. डुकराच्या चरबीला इंग्रजीत ‘लार्ड’ हा वेगळा शब्द आहे. पण ठेकेदाराने काय मिसळलं हेच कोणी तपासलं नव्हतं, त्यामुळे ती नव्हती असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडेही पुरावा नाही.

धर्म बुडवायचा पूर्वनियोजित कट? त्याला कागदोपत्री आधार नाही. बेफिकिरीला मात्र भरपूर आहे.

मेरठला ‘ती’ काडतुसं दिली गेली, हेही खरं नाही. २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी जी नाकारली, ती नेहमीचीच, चरबी न लावलेली काडतुसं होती. बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने फेब्रुवारीत नाकारलेली काडतुसंही जुन्या मस्केटचीच होती. तिथे शंका कागदावर होती. मंगल पांडे यांनी २९ मार्चला बराकपूरला शस्त्र उचललं, त्याच्या आधीच सरकारने मागे पाऊल घेतलं होतं. २७ जानेवारीला हुकूम निघाला, की काडतुसं वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आणून हवं ते लावावं. मार्चमध्ये दातांऐवजी हाताने कागद तोडायची सवलतही आली. पण विश्वास उडाल्यावर सवलत म्हणजे कबुली ठरते. काल चरबी नव्हती तर आज बदल कशाला, असं कोणीही विचारील. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते याच सुमारास. काडतुसांची ही गोष्ट उत्तरेतल्या वाटांवर किती फिरत होती, हे त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाचायला मिळतं.

‘मग तूपच का नाही लावलं?’ हा प्रश्न मुली हमखास विचारतात, आणि तो चांगला आहे. तूप आपल्या उन्हात पातळ होऊन कागदातून दारूपर्यंत झिरपेल. जवसाचं तेल हवेवर सुकतं आणि त्याचा चिकट थर होतो, म्हणून तर रंगारी ते वापरतात. नुसतं मेण बासष्ट अंशांपर्यंत वितळत नाही, पण थंडीत कडक होतं. म्हणून मिश्रण करावं लागतं: उन्हाळ्यात मेण जास्त, हिवाळ्यात तेल किंवा चरबी जास्त. १८५७ च्या लढायांत एनफिल्ड भरताना गोळी अडते अशा तक्रारी आल्या आणि पुढे गोळीचा व्यास ०.५५ इंचावर आणून वंगण म्हणून मेण वापरायला सुरुवात झाली.

इंग्लंड-अमेरिकेत ठासणीच्या रायफलींची नेमबाजी अजून चालते. तिथले काही समज जाता जाता सांगतो. स्वयंपाकघरातली कोणतीही चरबी चालते: खारवलेली चालत नाही, मिठाने नळी गंजते. मोटारीचं ग्रीस चालेल: काळ्या दारूच्या कीटाबरोबर त्याचा डांबरासारखा चिकटा होतो, अशी अनेक जुन्या नेमबाजांची तक्रार आहे. थुंकी लावणं अडाणीपणाचं: लगेच बार काढायचा असेल तर थुंकी उत्तम काम करते, कारण कीट पाण्यात विरघळतं, पण बंदूक भरून ठेवायची असेल तर त्याच ओलाव्याने दारू निकामी होते. वंगण जितकं जास्त तितकं बरं: चिंधी निथळत असेल तर तेल दारूत उतरतं. उडालेली चिंधी उचलून पाहिली की कळतं. मध्ये काळा डाग आणि कडा शाबूत असतील, तर कापड आणि वंगण जमलं आहे. भोक पडलं असेल किंवा कडा जळल्या असतील, तर कापड जाड घ्या किंवा वंगण बदला.