दम चढाला, दुखणं उताराला

बॉस्टनची मॅरेथॉन कागदावर सोपी दिसते. १८९७ साली सुरू झालेली ही शर्यत हॉपकिंटन गावातून सुमारे दीडशे मीटर उंचीवरून सुटते आणि बॉइल्स्टन स्ट्रीटवर, जवळजवळ समुद्रसपाटीला संपते. घसरण इतकी, की इथली वेळ जागतिक विक्रमासाठी धरतच नाहीत. किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार नियमात बसत नाही. २०११ साली केनियाचा जेफ्री मुताई इथे २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. त्याआधी इतक्या वेगाने कुणीच मॅरेथॉन पुरी केली नव्हती. विक्रमाच्या वहीत मात्र त्याचं नाव चढलं नाही.

आणि याच उताराच्या शर्यतीत भले भले धावपटू तेहतिसाव्या किलोमीटरच्या आसपास, ‘हार्टब्रेक हिल’वर, चालू लागतात. ही टेकडी अवघी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर चढते. ताज्या पायांनी तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तिची दहशत तिच्यामुळे नाहीच, आधीच्या पंचवीस किलोमीटरच्या घसरणीमुळे आहे.

चढावर स्नायू आखडत आखडत शरीर वर ढकलतो. उतारावर पाऊल टेकलं की गुडघा वाकतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना, धावणाऱ्यांच्या बोलीत ‘क्वाड्स’ना, आवळून धरतानाच ताणलंही जावं लागतं. विहिरीवर रहाट नसेल तर भरली घागर ओढताना दम लागतो. तीच हाताने खाली सोडताना दम लागत नाही, पण दोर सरकून तळहात सोलवटतात. मॅरेथॉनमध्ये हे ‘सोडणं’ हजारो पावलं चालतं.

दम का लागत नाही, हे १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत मोठ्या गमतीने दाखवलं गेलं. ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघा संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने त्यांना अडवायचं. लहानखुऱ्या बाईने फारसे कष्ट न घेता पेडल रोखले आणि समोरचा धिप्पाड पुरुष बघता बघता घामाघूम झाला. ताणलं जाताना स्नायू जास्त जोर सोसतो आणि प्राणवायू मात्र कमी खर्चतो. ट्रेडमिलवरच्या मोजमापांत तर असंही दिसलं आहे, की वीस टक्के उतारावर धावायला सपाटीच्या साधारण निम्मीच ऊर्जा लागते. हृदय आणि फुप्फुसं निवांत असतात, म्हणून धावणारा वेग वाढवतो. फसगत होते ती इथेच.

नुकसान तंतूंच्या पातळीवर होतं. स्नायूच्या तंतूत सार्कोमिअर नावाचे अतिसूक्ष्म घटक एकापुढे एक जोडलेले असतात. ताण पडला की त्यांतले कमजोर आधी वाजवीपेक्षा जास्त लांबतात, काहींची रचना विस्कटते, पेशीतलं कॅल्शियमचं गणित बिघडतं आणि मागाहून दाह सुरू होतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. जिना चढता येतो, उतरताना कठडा धरावा लागतो. ताकद मात्र शर्यत चालू असतानाच घटते. हार्टब्रेक हिलच्या पायथ्याशी पोहोचलेल्या मांड्या म्हणूनच आधीच अर्धमेल्या असतात.

तरीही जिमपासून जॉगिंग ट्रॅकपर्यंत या सगळ्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फुटतं. हा आरोप आता निकालात काढायला हवा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना पाऊण तास ट्रेडमिलवर पळवलं, एकदा सपाटीवर, एकदा उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट जेमतेम हललं आणि पाय सडकून दुखले. धाव थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतं. परवाच्या दुखण्याला ते जबाबदार असेलच कसं? स्नायूच्या आत काहीतरी फाटत असावं, असा तर्क थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडला होता.

अर्थात थकव्याची सगळी कथा उतारात मावत नाही. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अडीच हजार कॅलरी लागतात, आणि स्नायू व यकृत मिळून साठवलेलं ग्लायकोजेन साधारण पाचेकशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींचं. तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत ‘भिंत’ लागते ती यामुळे. मेंदूही स्नायूंना जाणारी आज्ञा सौम्य करतो. पण इंधन वाटेत जेलने भरता येतं, विस्कटलेला तंतू नाही. उलट दुखावलेला स्नायू पुढचे काही दिवस ग्लायकोजेनही नीट साठवत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. उताराचा एक बेताचा सराव केला, की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशाच माराला बराच कमी दुखावतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. पुण्या-मुंबईचे बहुतेक हौशी धावपटू चढाच्या तयारीत महिने घालवतात, उतरताना मात्र ‘आता काय, सुटलोच’ म्हणत लांब ढांगा टाकतात. लांब ढांग म्हणजे टाच पुढे, गुडघा ताठ आणि प्रत्येक पावलाला ब्रेक. पावलं आखूड आणि भरभर टाकली, तर मार पुष्कळ हलका होतो. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एखादा सराव खास उतारासाठी राखून ठेवावा. अगदी आदल्या आठवड्यात नको.

वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची टूम मात्र वाईट. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १६० किलोमीटरच्या शर्यतीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचं दुखणं न घेणाऱ्यांपेक्षा कमी नव्हतं, आणि शरीर कोरडं पडलेलं असताना अशी गोळी मूत्रपिंडाला जड जाते. शर्यतीनंतर अंग भरून येणं चालायचंच, चार-पाच दिवसांत ते ओसरतं. पण स्नायू सुजून ताठ झाले आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.