टोमॅटोवरील नागअळी माशीची की टुटा पतंगाची? ओळख आणि नोंद

टोमॅटोच्या पानावर पांढरी रेघ किंवा चट्टा दिसला की आपल्याकडे एकच शब्द तोंडात येतो, नागअळी. पण या एका नावाखाली आज आपल्या शेतात दोन वेगळ्या किडी आहेत. एक लहानशा माशीची अळी, तर दुसरी टुटा अ‍ॅब्सोल्युटा नावाच्या बारीक पतंगाची. माशीसाठी लावलेला पिवळा चिकट सापळा या पतंगावर उपयोगी पडत नाही आणि पतंगासाठीच्या कामगंध सापळ्यात माशी येत नाही. सायरोमॅझीनसारखे औषध माशीच्या अळीवर चालते, पतंगाच्या अळीवर नाही. उलट बीटी हे जैविक औषध पतंगाच्या अळीसाठी आहे, माशीसाठी त्याचा उपयोग नाही. म्हणून फवारणीचा पंप भरण्याआधी पान तोडून उन्हाकडे धरा.

ही कीड आली कुठून

टुटा मूळची दक्षिण अमेरिकेतली. पेरू देशातून १९१७ साली तिचे पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन झाले. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये सापडली आणि पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पसरली. भारतात तिची पहिली नोंद ऑक्टोबर २०१४ मध्ये पुणे परिसरातील टोमॅटोवर झाली. म्हणजे देशातला तिचा पहिला मुक्काम आपल्याच राज्यात होता. पतंग स्वतः उडतो, पण लांबचा प्रवास तो रोपांच्या ट्रेमधून, फळांतून आणि रिकाम्या क्रेटमधून करतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून परत येणारे क्रेट झटकून, धुऊन घ्या असे सांगितले जाते ते यामुळेच.

माशीची नागअळीही एके काळी नवीच होती. ती भारतात १९९० च्या सुमारास आली. आज ती आपल्या इतक्या सवयीची झाली आहे की तिच्यासारखे नुकसान करणारी दुसरी कीड आली तरी आपण तिलाच दोष देतो.

पानावर काय पाहायचे

माशीची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये अरुंद, नागमोडी, न तुटणारी रेघ ओढत जाते. रेघेत काळी विष्ठा दोऱ्यासारखी दिसते. माशीने टोचलेले बारीक पांढरे ठिपकेही पानावर असतात. टुटाची अळी मात्र रुंद, वेडावाकडा चट्टा करते. हरितद्रव्य खाऊन झाल्यावर फक्त पारदर्शक पापुद्रा उरतो, नंतर तो तपकिरी होऊन वाळतो. पान उन्हाकडे धरले की आत विष्ठेचा काळा पुंजका आणि बऱ्याचदा हलणारी अळी दिसते.

इथे एक फसगत होते. अंड्यातून नुकतीच निघालेली टुटाची अळी सुरुवातीला बारीक रेघच करते, चट्टा नंतर रुंदावतो. त्यामुळे कोवळ्या, एकाच खुणेवरून निर्णय घेऊ नका. दहा-बारा झाडांवरची जुनी-नवी पाने पाहा.

मग टाचणीने पापुद्रा फाडून अळी बाहेर काढा. माशीची अळी पिवळसर, जेमतेम ३ मिलिमीटरची, तिला डोके आणि पाय दिसत नाहीत. टुटाच्या अळीला स्पष्ट गडद डोके आणि पाय असतात. सुरुवातीला ती मळकट पांढरी असते, पुढे हिरवट होते आणि शेवटच्या अवस्थेत पाठीवर गुलाबी झाक येते. पूर्ण वाढ झाली की ती साधारण ८ मिलिमीटर भरते. साधे भिंग असेल तर डोक्यामागचा भाग पाहा. तिथे मागच्या कडेला एक अरुंद काळी पट्टी दिसते. बटाट्यावरील पाकोळीची अळी टुटाच्याच कुळातली असून कधी टोमॅटोवरही येते, पण तिच्यात हा भाग सगळाच गडद तपकिरी असतो. शेतात हाताशी असलेल्या खुणांमध्ये ही सर्वांत भरवशाची.

माशीची नागअळी पानापुरती राहते. टुटा शेंड्यात, खोडात आणि हिरव्या फळातही शिरते. फळावर बहुधा देठाजवळ, हिरव्या पाकळ्यांखाली टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात. फळ पोखरणारी हेलिकोव्हर्पा मोठे गोल छिद्र पाडते आणि अर्धे अंग बाहेर ठेवून खाते, त्यामुळे ती लगेच ओळखू येते.

पतंग हाती आल्याशिवाय खात्री नको

संशयित पाने तोडून स्वच्छ पारदर्शक डब्यात ठेवा. तळाशी कागद घाला, तोंडाला पातळ सुती कापड बांधा आणि डबा सावलीत ठेवा. पाणी साचू देऊ नका, पाने सुकली की त्याच शेतातली ताजी पाने घाला. अळी कागदाच्या घडीत किंवा वाळक्या पानात कोषात जाते आणि काही दिवसांत पतंग बाहेर येतो. काळी-पिवळी बारीक माशी निघाली तर प्रश्न मिटला. राखाडी-चंदेरी, ५ ते ७ मिलिमीटरचा, पंखांवर काळे ठिपके आणि मण्यांच्या माळेसारख्या लांब मिशा असलेला पतंग निघाला, तर टुटाचा संशय बळावतो.

संशय म्हणतो, कारण या कुळातले अनेक पतंग वरून सारखेच दिसतात. पक्की ओळख नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून किंवा डीएनए तपासून होते. कामगंध सापळ्यात पडलेल्या पतंगांबाबतही हेच. तिथे फक्त नर येतात, कधी जवळच्या नात्यातले दुसरे पतंगही येतात आणि चिकट कागदावर पंखांवरचे खवले निघून ठिपके दिसेनासे होतात. सापळा इशारा देतो, पुरावा डब्यातून मिळतो.

नमुना पाठवताना

पतंग हाताने धरू नका. डबा काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग पतंग कोरडाच, कागदाच्या घडीत आणि कडक डबीत ठेवा. अळ्या क्षणभर गरम पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवल्या की काळ्या पडत नाहीत. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक व वाण, लागवडीची तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे. मोबाईलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घेता आले तर उत्तम. पानाचा वरून, खालून आणि उन्हाकडे धरून असे तीन फोटो स्केलपट्टी शेजारी ठेवून काढा. मग कृषी सहायकामार्फत किंवा थेट कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात नमुना द्या. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही चांगला असला तरी नोंद म्हणून त्याचा उपयोग नाही. जिवंत अळ्यांची पिशवी घेऊन मात्र दुसऱ्या गावात जाऊ नका.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक आग्रहाची गोष्ट. सापळ्यात काही सापडले नाही तर रकाना रिकामा ठेवू नका, शून्य लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ 'पाहिलेच नाही' असाही होतो. सलग सहा आठवडे शून्य आणि सातव्या आठवड्यात चार पतंग, अशी वही असेल तर कीड कधी आली हे सांगता येते. धोतरा आणि कामोणी या तणांवरही टुटा जगते, म्हणून पीक निघाल्यावर बांधावरची पाहणी थांबवू नका.

नोंदीत किडीचे नाव लिहिताना गोंधळ होऊ शकतो. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला पुन्हा फ्थोरिमिया या जुन्या प्रजातीत घातले, त्यामुळे नव्या लेखांत ती फ्थोरिमिया अ‍ॅब्सोल्युटा म्हणून दिसते. कीड तीच आहे. वहीत दोन्ही नावे लिहिली की पुढे शोधणाऱ्याची अडचण होत नाही.

डब्यातून पतंग निघेपर्यंत काय करायचे

हातावर हात ठेवून बसायचे नाही. साधारण २७ अंश तापमानाला टुटाची पिढी सुमारे २४ दिवसांत पूर्ण होते आणि एक मादी २६० पर्यंत अंडी घालू शकते. संशयित पाने, पोखरलेली फळे तोडून पिशवीत बंद करा, बांधावर टाकू नका. रोपवाटिकेला कीटकरोधक जाळी लावा, जुन्या टोमॅटोचा पालापाचोळा नष्ट करा, नव्या प्लॉटला लागून वांगी-बटाटा टाळा. कामगंध सापळे पिकाच्या उंचीजवळ लावा आणि ल्यूर पाकिटावरच्या मुदतीत बदला. ओळख पटल्यावर टोमॅटोवर या किडीसाठी लेबल क्लेम असलेलेच औषध घ्या. अनेक देशांत टुटाने एकाच गटातील औषधांच्या वारंवार वापरामुळे प्रतिकारशक्ती मिळवली आहे, तेव्हा पुढच्या फवारणीला दुकानदाराकडून फक्त नवे ब्रँडनाव नको, औषधाचा गट बदलून मागा. कोणत्या तारखेला काय फवारले, तेही त्याच वहीत सापळ्याच्या आकड्याशेजारी लिहा.